दाराच्या डोळ्याला कुंकू

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तू धुळ्याला का राहतेस? आजोबांशी कट्टी केलीस का?" मागून तुमची आई म्हणाली, असं विचारायचं नसतं. मला मात्र प्रश्न आवडला. इथे शेजारपाजारचे सगळे तोच प्रश्न मनात धरून बसलेत, पण विचारत कोणी नाही. 'बहिणीकडे आलात वाटतं, बरं केलंत' म्हणतात आणि माझी बॅग किती मोठी आहे ते बघतात.

कट्टी केलेली नाही. पण खरं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहून काढते. तुमची आई वाचून दाखवेल, अडेल तिथे समजावेल. गोष्ट एका दाराची आहे आणि त्या दाराला बसवलेल्या दोन डोळ्यांची.

जळगावचं घर तुम्हाला अंगणातल्या झोपाळ्यामुळे आठवत असेल. झोपाळ्यामागची उंच पांढरी भिंत आठवते का? ते आजोबांचं केळी पिकवायचं चेंबर. यावलकडून हिरव्यागार फण्या येतात, त्या थंड खोलीत ठेवायच्या, पिकवण्याचा वायू सोडायचा, दार घट्ट बंद करायचं. काही दिवसांनी पिवळी केळी बाहेर येतात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या भिंतीकडे आहे. तावदान उघडलं की भिंतीला टेकतं, म्हणून ते अर्धंच उघडायचं. कंप्रेसर चालू झाला की त्याची घरघर भिंतीतून मांडणीत उतरते आणि वाट्या एकमेकींना लागून किणकिण करतात. पाहुण्यांना ती ऐकू येते. मला ती थांबली की ऐकू येते.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाले तेव्हा मनात बरंच काही ठरवलेलं होतं. त्याच सुमारास आजोबांनी साधी खोली मोडून नवी यंत्रसामग्री बसवली आणि तिच्याबरोबर इंग्रजी कागद आले. आजोबा एक जाड पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"अवं, बघ बरं हे काय म्हणते ते."

"तुम्हाला थोडंफार येतंय की वाचता."

"मले त्यातलं 'पुश' अन् 'पुल' येते. तेबी दारावर उलटं करतो."

मी हसले आणि वाचलं. मग थंडाव्याच्या यंत्राचं पुस्तक आलं. मग वायू मोजण्याच्या यंत्राचं. काही बिघडलं की कंपनीचा फोन इंग्रजीतून यायचा, तो माझ्याकडे यायचा. हळूहळू असं झालं की मी जामनेरला लग्नाला निघाले तरी आजोबा फाटकाशी येऊन विचारायचे, "संध्याकाळपर्यंत येशीन ना? वायूचा काटा जरा वर दिसते." मला कोणी कोंडलं नव्हतं. कोंडलं असतं तर भांडता आलं असतं. फाटक उघडं होतं, रिक्षा मिळत होती, पैसे माझ्या पेन्शनचे होते. पण प्रत्येक नवं यंत्र म्हणजे माझ्या पदराला मारलेली आणखी एक गाठ होती, आणि गाठ मारणारा माणूस प्रेमाने चहा विचारत होता.

आता अक्काचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठी आहे.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर धुळ्यात नोकरी केली, देवपुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गेल्या काही वर्षांत तिच्या डोळ्यांचा मधला भाग जात चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. तिच्यासमोर बसलं की तिला माझा पदर दिसतो, खिडकी दिसते, तोंड दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. अक्का रडली नाही. तिने मला फोन केला आणि लहानपणच्या आमच्या अहिराणीत म्हणाली, "माले दिसस तवलोंग ये, बाई. मंग काय, बठ्ठाच येतीन."

म्हणजे दिसतंय तोवर ये, नंतर काय सगळेच येतील. तिला सोबत नको होती. तिला दिसत असताना घर हाताने पाठ करून घ्यायचं होतं. डबे कुठे, गॅस कुठे, बटणं कुठली, जिन्याची कुठली पायरी उंच. तिचं म्हणणं, आंधळं होऊन शिकण्यापेक्षा थोडं दिसताना शिकलेलं बरं, आणि चुकले तर शेजारी उभं राहून 'चुकलीस' म्हणायला घरचं माणूस पाहिजे. बाहेरचे लोक दया करतात, चूक सांगत नाहीत. ती म्हणाली, चार-पाच महिने ये. मी म्हणाले, येते. आणि महिने जाऊ लागले. मी निघणार म्हटलं की काहीतरी बिघडायचं, आणि अक्का फोनवर म्हणायची, "राहू दे, तुनं दख." तुझं तू बघ. तिच्या त्या समजूतदारपणानेच मला जास्त कोंडल्यासारखं व्हायचं.

शेवटचं बिघडलं ते चेंबरचं दार.

हे दार बाजूला सरकतं, मोटरवर चालतं. बाहेरून कॅरेटने भरलेली गाडी ढकलत कोणी आलं की उघडतं, आत थंडावा राहावा म्हणून लगेच बंद होतं. कॅरेट म्हणजे जाळीदार प्लास्टिकची पेटी, इथे सगळे तेच म्हणतात. समोर कोणी आहे की नाही हे दाराला कळावं म्हणून दोन्ही बाजूंना, वर, एकेक सेन्सर आहे. आधी होते ते साधे, प्रकाशाचे. कागदावर त्यांना फोटोइलेक्ट्रिक म्हणतात. ते समोर उजेड टाकतात. काही आडवं आलं की त्यावरून उजेड परत येतो आणि दार समजतं, कोणीतरी आलं. टॉर्चचा झोत कसा पसरतो, तसा त्यांचा झोत पसरलेला. खोड एकच. पांढऱ्या-पिवळ्या वस्तूवरून उजेड भरपूर परततो, काळ्यावरून फार थोडा. त्यात दारापाशी बाहेरची गरमी आणि आतली थंडी भेटते, सेन्सरच्या काचेवर दव धरतं, आणि त्याला आणखी कमी दिसतं.

आमच्याकडे वायरिंगचं सगळं बघतात ते मिस्त्रीचाचा जुन्या जळगावातले, तीन पिढ्या हेच काम. ते एकदा आत काम संपवून जाता जाता मालाची एक गाडी ओढत निघाले आणि दार त्यांच्या गाडीवरच बंद झालं. वरचं कॅरेट फुटलं, केळी जमिनीवर. चाचा बाहेर येऊन म्हणाले, "टीचरबाई, काळा सदरा घातला की तुमचं दार मला ओळख देत नाही. सासुरवाडीतसुद्धा एवढा अपमान नाही झाला."

आजोबा हसले नाहीत. फुटलेल्या कॅरेटच्या जागी माणूस असता तर, एवढंच म्हणाले आणि त्याच दिवशी मला कंपनीला फोन लावायला सांगितलं. कंपनीचा इंजिनिअर चेन्नईचा, सौम्य बोलणारा, मला 'मॅम' म्हणणारा. त्याने सुचवलं, लेसर सेन्सर लावून बघा. एक पाठवतो. दाराच्या आतल्या बाजूला नवा लावा, बाहेरच्या बाजूला जुना राहू द्या. दोघांची तुलना करून मला लिहून पाठवा, मग ठरवू. फोन ठेवल्यावर मी आजोबांना सगळं सांगितलं आणि ते खुशीत म्हणाले, "तुलना तू कर. तू पेपर तपासायची ना? तसंच."

पार्सल आलं, चाचांनी सेन्सर बसवला, मी पुस्तक उघडलं. आणि पहिल्या काही पानांतच मला समजलं की ह्या पेपरात माझाही निकाल लागणार आहे.

जुन्या सेन्सरला मागे एक स्क्रू. त्याची नजर कमी-जास्त करायची तर पेचकस घालून फिरवायचा. बस. नव्याला छोटा पडदा, दोन बटणं आणि आत खोल्यांत खोल्या असाव्यात तशी इंग्रजी यादी. किती अंतरापर्यंत बघायचं, किती जवळचं सोडून द्यायचं, दिसेनासं झाल्यावर किती वेळ थांबायचं. आखूड केलेले इंग्रजी शब्द, दोन बटणं एकदम दाबून धरायची, चुकलं तर परत पहिल्यापासून. चाचा पाहून म्हणाले, "हे आपल्याच्याने होणार नाही. हे बाईंचं पोर." आजोबांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच, कारण मी होते.

लेसर राहिला तर मी राहणार, हे असं सरळ होतं.

आणि तो चांगला निघाला. वाईट निघाला असता तर प्रश्नच नव्हता. त्याचा झोत पसरत नाही, सुईसारखा एका ठिकाणी जातो, जमिनीवर लाल ठिपका दिसतो. तो उजेड किती परतला ते बघत बसत नाही, समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजतो, म्हणून काळा सदरा आणि पांढरी साडी त्याला सारखीच. चाचा काळा सदरा घालून मुद्दाम पुन्हा पुन्हा आले, दार प्रत्येक वेळी उघडलं. चाचांनी दाराला सलाम केला. फण्या भरणाऱ्या बायकांना मी सांगितलं होतं की त्या लाल उजेडात टक लावून बघायचं नाही, तर त्या कपाळावर हात धरून ठिपक्यावरून उडी मारून जायला लागल्या. एक म्हणाली, "आमच्या सासूची नजरबी अशीच होती." दव धरलं तरी जुन्याइतका तो गोंधळला नाही. फार दव आलं तेव्हा काचेवरच्या थेंबालाच वस्तू समजला. मी इंजिनिअरला विचारून, 'फार जवळचं दिसलं तर सोडून द्यायचं' ही सेटिंग लावून दिली. तेही सुटलं.

मग कॅरेटची अडचण आली. सुईसारखा झोत कॅरेटच्या जाळीतून आरपार जायचा. पट्टी आली की दिसलं, भोक आलं की नाही. गाडी हळू असली तर दार दचकत दचकत हलायचं. जुन्या पसरट झोताला हा त्रास कधीच नव्हता. त्याला अर्धी जाळी, अर्धी भोकं, सगळं मिळून एक पिवळा ठोकळा दिसतो. इंजिनिअर म्हणाला, मॅम, सोपं आहे, थांबण्याचा वेळ वाढवा. वाढवला. मग वेगळ्या जाळीचे कॅरेट आले, पुन्हा बदलला. हवा बदलली, पुन्हा. प्रत्येक वेळी तो बरोबर चालायचा, फक्त मी शिडीखाली चष्मा लावून उभी असायला हवी होते.

त्या दिवसांत मी फार घुसमटले. दुपारी खाटेवर पडलं की कंप्रेसरची घरघर छातीत ऐकू यायची. खोटं लिहिणं सोपं होतं. 'लेसर आमच्याकडे चालला नाही', एवढं वाक्य. इंजिनिअरला ते कळलं नसतं, आजोबांना इंग्रजी वाचता येत नाही. पण उद्या पुन्हा कोणी काळा सदरा घालून दारात उभा राहील आणि माझ्या वाक्यामुळे तो त्या दाराला दिसणार नाही, हे डोक्यातून जाईना. खरं लिहिलं तर अक्का एकटी चाचपडणार. आजोबांशी बोलावं तर ते म्हणत, "जाय ना, मी कुठं नाही म्हटलं? फक्त हे दार तेवढं मार्गी लागू दे." आणि नवा माल आला की दार मार्गावरून उतरायचं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. चेंबर त्या दिवशी रिकामं ठेवतात. सगळं धुतलं, वायूची टाकी बंद करून हवा खेळवली, धुतलेले रिकामे कॅरेट आतल्या भिंतीशी छतापर्यंत रचले. मग पूजा, तेवढ्यापुरतं दार उघडंच अडवून ठेवलेलं. काट्याला, मोटरला, गाड्यांना, कंप्रेसरला झेंडूचे हार, हळद, कुंकू. आजोबा हे फार मनापासून करतात. यंत्र नवं असलं की त्याचा मान मोठा. ते शिडीवर चढले, हार घातला आणि अंगठा कुंकवात बुडवून नव्या सेन्सरला ठसठशीत टिळा लावला. खालून चाचा म्हणाले, "नव्या नवरीचेच लाड! जुनी बाहेर उभी आहे, तिला कोण विचारतंय?" सगळे हसले. पेढे वाटले, नारळ फुटला आणि सगळे घरी गेले.

आजोबांना तुम्हाला फोटो पाठवायचा होता. तो तुमच्याकडे आहे, आतून काढलेला, दारावरच्या झेंडूचा. आम्ही दोघं बाहेरून आलो, जुन्या सेन्सरने आम्हाला पाहिलं, दार उघडलं. आत गेलो. दार मागे बंद झालं. फोटो काढला. आजोबा परत दाराकडे गेले आणि उभे राहिले.

दार उघडलं नाही.

ते मागे सरकले, पुढे आले. हात हलवला. "अवं, हे काय?" दोन्ही हातांनी थापा मारल्या. जाड दार; थापेचा आवाज आतल्या आतच मेला. बाहेर कोणी नव्हतंच. मोबाईलला त्या पत्र्याच्या खोलीत रेंज येत नाही. आतून हाताने दार सोडवायची एक मूठ भिंतीला आहे, नियमच आहे तसा, पण धुतलेले कॅरेट आम्ही नेमके तिच्यासमोर छतापर्यंत रचलेले. आजोबांनी वरचं ओढायला हात उचलला आणि खांदा धरून कण्हले. थंडाव्याचा पंखा चालूच होता. साडीच्या निऱ्यांमधून थंडी वर चढायला लागली.

मी जमिनीकडे पाहत होते. लाल ठिपका नव्हता.

तेव्हाच मला समजलं. कुंकू. नेमकं डोळ्यावर. आणि 'फार जवळचं सोडून द्यायचं' असं सांगून ठेवल्यामुळे सेन्सर कुंकवाला मोजत नव्हता आणि कुंकवापलीकडचं त्याला दिसत नव्हतं. दाराशी सुटे राहिलेले दोन कॅरेट एकावर एक ठेवून वर चढलं, पदराने काच पुसली की दार उघडणार.

मी पुसली नाही. त्यातलं एक कॅरेट ओढून उलटं केलं आणि बसले. दुसरं त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा."

"कशाले बसू? येडी झाली का? दार बघ!"

"दार मला समजलंय. उघडेन. आधी बसा."

ते बसले. मुठी काखेत घातल्या.

"मला अक्काकडे जायचंय," मी म्हटलं.

"मग जाय ना. मी कधी अडवलं?"

"अडवलं नाहीत. दर वेळी वाचायला काहीतरी हातात दिलंत."

"अवं पण हे दार..."

"हे दार सुधारलं की दुसरं काही येईल. अक्काला दिसतंय तोवर जायचं आहे. नंतर गेले तर नुसती भाकरी करून वाढायला गेल्यासारखं होईल."

त्यांनी काखेतल्या मुठी सोडून हात चोळले. मग खाली बघत म्हणाले, "तुले खरं सांगू? तू शाळा सोडून घरी बसली ना, तेव्हा त्या खिडकीशी नुसती बसायची. बोलायची नाही. मी पुस्तक आणलं, तू चष्मा लावला, दोन प्रश्न विचारले. मले वाटलं, हिले इंग्रजीचं काही पाहिजे. म्हणून मग मी आणतच गेलो."

"यंत्रं? मला करमावं म्हणून?"

"यंत्रं केळीसाठी. पण इंग्रजी पुस्तकाचं देऊ का हिंदी पुस्तकाचं, असं दुकानदार विचारे ना, तर मी इंग्रजीच सांगे."

ह्यात खरं किती आणि सोयीचं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. त्या खिडकीशी मी गप्प बसायचे ते तावदान पूर्ण उघडत नव्हतं म्हणून, हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नाकाचं टोक थंडीने लाल झालेलं.

"मग आता? ते लेसर कोण वाचीन?"

"कोणाला वाचावं लागणार नाही असं लावायचं."

"पण तू तर म्हणते ते चांगलं आहे."

"चांगलंच आहे. माणूस उभा असेल तर."

"अन् चाचाचा काळा सदरा?"

"त्याचंही सांगते. बाहेर गेल्यावर."

"मग बाहेर ने ना माय! गारठून मेलो मी," ते म्हणाले, आणि मला हसू फुटलं. एवढ्या वर्षांत मला 'माय' म्हणायची त्यांची पहिलीच वेळ.

मी कॅरेटवर चढले, त्यांनी खालून माझे पाय धरले, पदराने काच पुसली. पदराला कुंकू लागलं. जमिनीवर लाल ठिपका आला, आणि आजोबा त्यावर जाऊन दोन्ही पाय रोवून उभे राहिले. दार सरकलं. बाहेरची ऑक्टोबरची धग अंगावर आली. एरवी मी तिला नावं ठेवते.

तुलना मी खरी लिहिली. लेसरला दिसतं जास्त, अचूक, रंगाचा भेद तो करत नाही; कारखान्यात जिथे तयार माणूस कायम जवळ आहे तिथे तोच घ्यावा. आमच्याकडे तसा माणूस नाही. 'नाही' लिहिताना माझा हात थोडा थांबला, कारण त्या शब्दाने मी स्वतःला त्या घरातून काढत होते. आम्हाला दोन्ही बाजूंना साधेच हवेत, स्क्रूवाले, पण एका जागी दोन-दोन, एक वर आणि एक कमरेइतक्या उंचीवर, म्हणजे एकाने सोडलं तर दुसरा धरील. दारापासून मुठीपर्यंत जमिनीवर पिवळा पट्टा मारू, त्यात कॅरेट ठेवायचं नाही. आणि काळ्या सदऱ्यासाठी गाडीच्या दांड्याला पांढरी पट्टी. इंजिनिअरने फोन केला. म्हणाला, मॅम, तुम्ही लेसरला जास्त गुण देऊन नापास केलंत. मी म्हटलं, शाळेतही असं करावं लागायचं, एखादं हुशार मूल आमच्या वर्गासाठी नसायचं. तो बिचारा हसला आणि सेन्सर परत मागवला. नवे साधे सेन्सर आले, चाचांनी बसवले, काळा सदरा घालून तपासले. मी शिडीखाली गेले नाही.

मग मी बॅग भरली.

आता इथे आहे. सगळं छान आहे असं तुम्हाला लिहिणार नाही. अक्काचा फ्लॅट लहान, गॅलरीला जाळी, खाली गाड्यांची गर्दी. भांड्यांची किणकिण नाही म्हणून सुरुवातीला मला दुपारी झोप येत नव्हती. अक्का दिवसभर भिंतीला हात लावून फिरते आणि मी मागे. साखरेच्या डब्यात मीठ शोधते तेव्हा मी म्हणते, "चुकलीस." ती म्हणते, "आगाऊ!" आणि पुन्हा करते. कधी चिडून बसते आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलत नाही, तेव्हा ह्या दोन खोल्यांतून पळून जावंसं वाटतं. पळत नाही.

आजोबांचे फोन येतात. "काचेवर दव आलं, स्क्रू कोणत्या बाजूले फिरवू?" मी म्हणते, "फिरवून बघा. समजेल." आधी रागावायचे. आता फिरवून बघतात आणि मग नुसतं सांगायला फोन करतात.

गेल्या रविवारी ते एसटीने आले, हातात केळीची फणी. मी गॅलरीतून त्यांना जिना चढताना पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते दारापाशी आले आणि उभे राहिले. बेल नाही, हाक नाही. सवयीने उभे. अक्काला कडेने त्यांची सावली दिसली असावी. ती आतून ओरडली, "लोटा ना पाव्हना! आठे दारले डोया नही शे. घरमा बी कोनले नही शे!" म्हणजे लोटा ना पाहुणे, इथे दाराला डोळा नाही, आणि घरातही कोणाला नाही.

आजोबांनी दार लोटलं आणि आत आले. पाणी पिऊन झाल्यावर अक्काच्या गॅसपाशी गेले, बटणं फिरवून पाहिली, डब्यातून तुरीच्या डाळीचे दाणे घेतले आणि प्रत्येक बटणावर 'बंद' येतं तिथे एकेक दाणा गोंदाने चिकटवला. अक्काने बोट फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. मग गॅस पेटवला, विझवला, आणि दाण्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"कधी येशीन?" निघताना त्यांनी जिन्यात हळूच विचारलं.

मी म्हटलं, "तिला चहा एकटीने करता येऊ दे."

"अजून नाही येत?"

"अजून मी शेजारी उभी राहून बघते आहे ना."

ते मान हलवून पायऱ्या उतरले. तिसरी पायरी उंच आहे, हे मी त्यांना सांगायचं विसरले. ते अडखळले, कठड्याला धरलं. वरून अक्काचा आवाज आला, "तिसरी उंच शे, पाव्हना!" तिला ती आता पाठ झाली आहे.